बलिदान, तारण आणि वधस्तंभ: लोक सारखे विचारतात ते प्रश्न

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, म्हणजे लेंटच्या उपासाच्या काळात, हे प्रश्न जास्त येतात, पण खरं तर वर्षभर चालूच असतात. काही मंडळीतल्या पोरांचे, काही शेजारपाजारच्या लोकांचे जे ख्रिस्ती नाहीत पण मनापासून विचारतात, आणि काही असे की जे विचारायला माणसाला बरीच हिंमत करावी लागली असणार. मी पाळक नाही, रविवारची शाळा घेतो आणि वाचतो. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड अशा वेगवेगळ्या भाषांत उपासना होतात, कॅथलिक आहेत, सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रॉटेस्टंट) आहेत, पेंटेकॉस्टल आहेत, त्यामुळे जिथे मतं वेगळी आहेत तिथे तसं सांगितलंय. एकाच गोष्टीवर दोनदा लिहायला नको म्हणून मधेमधे "अमुक प्रश्न बघा" असं दिलंय.

१. येशूचं "बलिदान" म्हणजे नेमकं काय? त्याला तर पकडून मारलं ना?

पकडलं, खटला चालवला आणि रोमन सुभेदार पिलातच्या हुकमाने वधस्तंभावर खिळलं, हे खरंच आहे. पिलात इ.स. २६ ते ३६ या काळात यहूदीयाचा सुभेदार होता. पण ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की ही नुसती एका निरपराध माणसाची हत्या नव्हती, येशूने स्वतःहून स्वतःला दिलं. योहानाच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात तो स्पष्ट सांगतो की माझा प्राण कोणी माझ्याकडून हिसकावत नाही, मी आपण होऊन देतो. आणि मार्क १०:४५ मध्ये म्हणतो की मी सेवा करून घ्यायला नाही तर सेवा करायला आणि पुष्कळांसाठी खंडणी म्हणून आपला जीव द्यायला आलोय. म्हणजे मारणाऱ्यांचा गुन्हा गुन्हाच राहतो, पण त्याच घटनेत देणाऱ्याचं प्रेमही आहे. दोन्ही एकदम धरून ठेवावं लागतं, नाहीतर पुढचे सगळे प्रश्न गुंतत जातात.

२. तारण कशापासून? नरकापासून एवढंच का?

नाही, एवढंच नाही. पापापासून, पापाने आपल्यावर जो ताबा घेतलेला असतो त्यापासून, मरणाच्या भीतीपासून, आणि देवाशी आणि माणसांशी तुटलेल्या नात्यापासून. बायबलमध्ये सोडवणुकीची सगळ्यात मोठी गोष्ट निर्गमाच्या पुस्तकात आहे आणि तिथे लोक मिसरातल्या (इजिप्तमधल्या) वेठबिगारीतून, विटा पाडण्याच्या छळातून प्रत्यक्ष बाहेर पडतात, म्हणजे तारण हे फक्त मेल्यावरचं प्रकरण नाहीये. आपल्याकडचं उदाहरण घ्या, सोलापूर-पुणे रेल्वेने जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं, तिथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभं केलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली आणून सांभाळल्या, शिकवल्या, कामाला लावल्या. त्यांच्या दृष्टीने ख्रिस्ताने सोडवणं आणि त्या मुलींना भुकेतून सोडवणं ही दोन खाती नव्हती.

३. देवाला रक्त कशाला लागतं? प्रेमळ देव आहे ना, मग तसंच माफ करायचं की.

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि योग्यच प्रश्न आहे, त्यामुळे जरा लांब उत्तर देतो.

आधी एक गोष्ट. देवाला भूक लागते किंवा रक्त बघून त्याचा राग शांत होतो असं बायबल शिकवत नाही. उलट स्तोत्र ५० मध्ये देवच विचारतो की मी काय बैलांचं मांस खातो का, बोकडांचं रक्त पितो का? मीखाच्या सहाव्या अध्यायात माणूस विचारत जातो की हजारो मेंढरं देऊ का, तेलाच्या नद्या देऊ का, पोटचा मुलगा देऊ का, आणि उत्तर येतं की न्यायाने वाग, दया कर, देवापुढे नम्रपणे चाल. होशेयमध्ये देव म्हणतो मला यज्ञ नको दया पाहिजे, आणि येशूने हे वाक्य परत परत लोकांना ऐकवलं.

मग रक्त कशाला? लेवीय १७:११ सांगतं की प्राण्याचा जीव रक्तात असतो आणि ते रक्त "मी तुम्हाला दिलंय" असं देव म्हणतो. इथेच सगळं फिरतं बघा. माणूस देवाला लाच देत नाहीये, देवच माणसाला परत यायची वाट देतोय. पाप म्हणजे नुसता नियम मोडणं नाही, त्याने कुणाचं तरी जगणं मोडतं, जीव जातो, हे त्या माणसाला वेदीपाशी उभं राहून डोळ्यांनी दिसायचं.

आणि अजून एक गोष्ट जी फार कमी लोक वाचतात. लेवीय पाचव्या अध्यायात म्हटलंय की ज्याला कोकरू परवडत नाही त्याने दोन पारवे आणावेत, आणि तेही जमत नसेल तर थोडं सपीठ आणावं, त्यानेही त्याच्या पापाची क्षमा होते. सपीठ, म्हणजे पीठच! रक्ताचा थेंब नाही. म्हणजे गरिबाला दारातून परत पाठवायची पद्धत तिथे नव्हतीच. आणि लूक सांगतो की बाळ येशूसाठी मरीया आणि योसेफ मंदिरात गेले तेव्हा त्यांनी गरिबांचंच अर्पण दिलं, पक्ष्यांची जोडी.

"तसंच माफ करायचं" याबद्दल एवढंच म्हणेन की फुकटची माफी कधी नसतेच. किराणावाल्याने कुणाची पाच हजाराची उधारी वहीतून खोडली तर ते पाच हजार हवेत जात नाहीत, त्याच्या खिशातून जातात. ज्याने माफ केलं त्याने नुकसान सोसलं. ख्रिस्ती माणूस वधस्तंभाकडे बघतो तेव्हा त्याला हेच दिसतं की माफ करणाऱ्याने स्वतः किंमत सोसली.

४. जुन्या करारात एवढे प्राणी, मग आता चर्चमध्ये बळी का देत नाहीत?

कारण इब्री लोकांस पत्र म्हणतं की ख्रिस्ताने एकदाच आणि कायमचं अर्पण केलं, त्यात भर घालायची गरज उरली नाही. दहाव्या अध्यायात लिहिलंय की याजक रोज उभा राहून तेच ते यज्ञ करत राहतो पण ख्रिस्त एकच यज्ञ करून बसला, म्हणजे काम संपलं. यहूदी धर्मातही इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचं मंदिर पाडल्यावर प्राण्यांचे यज्ञ थांबले आणि प्रार्थना, पश्चात्ताप, दानधर्म यावर भर आला. तेव्हा "यहूदी अजून बोकड कापतात" वगैरे जे फॉरवर्ड फिरतात ते सोडून द्या.

५. "देवाचा कोकरा" असं का म्हणतात?

वल्हांडणामुळे, म्हणजे मिसरातून सुटल्याची आठवण ठेवणाऱ्या यहूदी सणामुळे. निर्गम १२ मध्ये इस्राएल लोकांनी कोकऱ्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं आणि त्या रात्री मरण त्यांची घरं ओलांडून गेलं. बाप्तिस्मा करणारा योहान येशूला बघून म्हणतो, हा पहा जगाचं पाप हरण करणारा देवाचा कोकरा. त्यात यशया ५३ पण मिसळलंय, वधाला नेलेल्या कोकरासारखा जो गप्प राहतो तो सेवक.

६. एकाच्या मरणाने दुसऱ्याचं पाप कसं फिटतं? लॉजिक सांगा.

चर्चने दोन हजार वर्षात याचं एकच ठराविक लॉजिक सगळ्यांवर लादलेलं नाही. निकेयाच्या विश्वासांगीकारात, म्हणजे चौथ्या शतकापासून चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या कबुलीत, एवढंच आहे की आमच्यासाठी आणि आमच्या तारणासाठी. "कसं" हे मोठमोठ्या लोकांनी वेगवेगळं सांगितलं.

पहिल्या शतकांतले बरेच शिक्षक म्हणत की हा विजय आहे, ख्रिस्त मरणात शिरला आणि मरणालाच हरवून बाहेर आला. काही म्हणाले की खंडणी सैतानाला दिली, तर नाझियान्झचा ग्रेगरी हा बिशप चौथ्या शतकात भडकून विचारतो की दरोडेखोराला कसली खंडणी देताय? मला त्याचा हा राग फार पटतो. अकराव्या शतकाच्या शेवटी अँसेल्म हा धर्मपंडित म्हणाला की माणसाने देवाचा मान ठेवला नाही, ती भरपाई माणसानेच करायला पाहिजे पण ती देवालाच जमण्यासारखी आहे, म्हणून देव माणूस झाला. बाराव्या शतकात अबेलार्ड या फ्रेंच विचारवंताने भर दिला प्रेमावर, की एवढं प्रेम बघून माणसाचं मन पालटतं. सोळाव्या शतकात ल्यूथर, कॅल्व्हिन वगैरे प्रॉटेस्टंट सुधारक म्हणाले की आपली शिक्षा त्याने आपल्या जागी घेतली, आणि सोलापूरच्या बऱ्याच मंडळ्यांत प्रवचनात ऐकू येतं ते हेच, कारण अमेरिकन मराठी मिशनचे लोक एकोणिसाव्या शतकात हीच शिकवण घेऊन इकडे आले होते.

मला विचाराल तर यातलं एकच घेऊन बाकीचं फेकायची काही गरज नाही. ज्याच्या डोक्यावर अपराधाचं ओझं आहे त्याला शिक्षा घेतल्याची गोष्ट लागते, ज्याला मरणाची भीती आहे त्याला विजयाची, आणि ज्याच्यावर आयुष्यात कुणी प्रेमच केलं नाही त्याला अबेलार्डची. नवा करारसुद्धा कोर्ट, बाजार, मंदिर, युद्ध अशा सगळीकडच्या प्रतिमा वापरतो.

७. बापाने पोराचा बळी दिला, हा कसला देव? आमच्या मुलीने विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

तुमच्या मुलीला सांगा की तिने बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. रागावलेला बाप एकीकडे आणि मार खाणारा मुलगा दुसरीकडे असं चित्र कुणी रंगवत असेल तर ते ख्रिस्ती शिकवणीला धरून नाही. प्रेषित पौल २ करिंथ ५:१९ मध्ये लिहितो की देव ख्रिस्तामध्ये असून जगाचा स्वतःशी समेट करत होता. पिता आणि पुत्र एकच देव आहेत, म्हणजे देव दुसऱ्या कुणाला पुढे ढकलत नाहीये, स्वतः येतोय. अब्राहाम आणि इसहाकची गोष्ट (उत्पत्ति २२) पण लक्षात घ्या, तिथे देव मुलावर हात टाकू नकोस म्हणून थांबवतो आणि मेंढा स्वतः पुरवतो. मुलांना ही गोष्ट सांगताना सुऱ्यापाशी थांबू नका, प्लीज, शेवटपर्यंत सांगा.

८. कर्माचं फळ ज्याचं त्यानेच भोगायचं असतं, मग दुसरा कसा भोगेल?

सोलापुरात मोठं झालेल्या कुणालाही हा प्रश्न पडणारच, ख्रिस्ती घरातल्यांनाही पडतो. पेरावं तसं उगवतं हे बायबलही म्हणतं, गलती ६:७ मध्ये शब्दशः तसंच आहे. दारू पिऊन लिव्हर गेलं तर बाप्तिस्मा घेऊन लिव्हर परत येत नाही. फरक असा की ख्रिस्ती श्रद्धेत हिशोब हा शेवटचा शब्द नाही. हिशोबाच्या वर एक व्यक्ती आहे आणि ती दया करू शकते. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे, कृपा म्हणजे काय हे इथल्या माणसाला परकं नाही, संतांनी देवाला पतितपावन म्हटलंच आहे. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, त्यांना ती भाषा सोडावीशी वाटली नाही ती उगाच नाही. तरी दोन्ही एकच असं म्हणून मी गुळमुळीत करणार नाही. ख्रिस्ती माणूस ही कृपा इतिहासातल्या एका मरणाशी आणि पुनरुत्थानाशी जोडतो आणि पुनर्जन्म मानत नाही, हा मोठा फरक आहे.

९. आपल्या चार हुतात्म्यांनी पण बलिदान दिलं, मग येशूचं वेगळं काय?

मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली, सोलापुरातल्या मार्शल लॉनंतर, म्हणजे इंग्रजांच्या लष्करी अंमलानंतर. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस पण आपल्याच गावचे, चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ मध्ये गेले. यांच्या त्यागाला कुठलाही ख्रिस्ती माणूस कमी लेखत असेल तर तो येशूचं ऐकत नाहीये, कारण मित्रांसाठी जीव देण्यापेक्षा मोठं प्रेम नाही हे येशूचेच शब्द आहेत.

वेगळं काय म्हणाल तर तीन गोष्टी. रोम ५ मध्ये पौल म्हणतो आपण वैरी असताना ख्रिस्त आपल्यासाठी मेला, खिळे मारणाऱ्यांसाठीही त्याने क्षमा मागितली. दुसरं, ही सुटका सत्तेपासून नाही, पापापासून आहे, आणि ते पाप हुतात्म्याच्या मनातही असू शकतं आणि जुलूम करणाऱ्याच्याही. आणि तिसरं म्हणजे पुनरुत्थान, प्रश्न १० बघा.

१०. ईस्टर नसता तर? मरण झालं म्हणजे काम झालं ना?

नाही. १ करिंथ १५:१७ मध्ये पौल सरळ लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट आहे आणि तुम्ही अजून पापातच आहात. गुड फ्रायडेला चर्च भरतं आणि ईस्टरच्या पहाटे निम्मे लोक दिसत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

११. जन्मभर वाईट वागून शेवटच्या दिवशी माफी मागितली तर चालतं?

वधस्तंभावरच्या चोराला येशूने त्याच दिवशी सुखलोकाचा शब्द दिला (लूक २३:४३), त्यामुळे "चालत नाही" म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. पण त्या चोराने प्लॅन केला नव्हता. आत्ता मजा करू, नंतर बघू असं जो ठरवतो तो पश्चात्ताप पुढे ढकलत नाहीये, तो पश्चात्ताप करतच नाहीये.

१२. देवाने माफ केलं म्हणजे ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जायची गरज नाही ना?

आहे! जक्कय हा जकातदार, लोकांना लुबाडलेला माणूस. येशू त्याच्या घरी जेवायला गेला आणि जक्कय उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. तेव्हा येशू म्हणाला आज या घराला तारण मिळालं. आणि मत्तय ५ मध्ये तर तो म्हणतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. देवाच्या कामापेक्षा आधी! भावाच्या वाट्याची जमीन दाबून ठेवून, कामगाराची मजुरी अडकवून प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला) पुढे येणाऱ्याने हे वचन वाचावं, आणि हे मी आपल्याच मंडळ्यांना उद्देशून लिहितोय. चौपट परत करून तारण विकत मिळतं असं नाही, तारण आलं की हात आपोआप सैल होतो.

१३. मग तारण विश्वासाने की कर्माने? कॅथलिक एक सांगतात, आमचे पाळक दुसरं.

इफिस २:८ ते १० सलग वाचा. कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्माने नाही, आणि लगेच पुढे म्हटलंय की सत्कर्मं करण्यासाठीच आपल्याला घडवलंय. यावरून सोळाव्या शतकात चर्च फुटलं, पण ३१ ऑक्टोबर १९९९ ला लुथरन आणि कॅथलिक चर्चने जर्मनीत आउग्सबुर्गला एकत्र सही करून सांगितलं की आपण ख्रिस्ताच्या कृपेनेच स्वीकारले जातो, आपल्या लायकीमुळे नाही. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण "ते लोक कर्माने तारण मानतात" हे आता तरी बोलू नये.

१४. मिस्सामध्ये येशूचा परत परत बळी देतात का?

मिस्सा म्हणजे कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना. कॅथलिक शिकवण तसं म्हणत नाही. १५६२ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने (कॅथलिक चर्चच्या धर्मसभेने) मिस्सा हे खरं बलिदान आहे असं सांगितलं, पण नवीन बलिदान नाही, वधस्तंभावरचं तेच एक बलिदान वेदीवर उपस्थित होतं. प्रॉटेस्टंट बहुतेक म्हणतात की प्रभुभोजन ही त्या एका बलिदानाची आठवण आणि त्यात सहभाग आहे, बलिदान नाही.

१५. लेंटमध्ये मटण सोडलं, चाळीस दिवस उपास केले, त्याने पाप कमी होतं का?

पाप कमी होत नाही, मन जागं होतं. यशया ५८ मध्ये देव सांगतो मला आवडणारा उपास म्हणजे जुलमाची बंधनं सोडणं आणि भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं. वाचलेले मटणाचे पैसे कुणाला दिले का ते बघा.

१६. एक प्रचारक म्हणतात अमुक रक्कम "बी" म्हणून पेरा, तारण आणि बरं होणं दोन्ही मिळेल. देऊ का?

देऊ नका. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये शिमोन नावाचा माणूस देवाचं दान पैशाने घ्यायला बघतो तेव्हा पेत्र त्याला म्हणतो तुझा पैसा तुझ्याबरोबर नाश पावो. १ पेत्र १ मध्ये म्हटलंय की तुमची सुटका सोन्या-रुप्याने झालेली नाही. विडी वळून, यंत्रमागावर उभं राहून मिळवलेले पैसे असतात हो लोकांचे. मंडळीच्या कामाला मनापासून वर्गणी देणं वेगळं, आणि तारणाचा भाव ठरवणं वेगळं. तारणाला भाव लावणारा माणूस वधस्तंभाचाच अपमान करतो. आणि आजार असेल तर प्रार्थना करा आणि डॉक्टरकडे पण जा.

१७. नवरा मारतो. मंडळीतले म्हणतात हा तुझा क्रूस आहे, ख्रिस्ताने सोसलं तसं सोस. खरंय का?

नाही, ताई. अजिबात नाही.

येशूने आपला प्राण स्वतःहून दिला (प्रश्न १ बघा). कुणीतरी रोज मारतंय आणि तुम्हाला पर्याय नाहीये हे बलिदान नाही, हा अन्याय आहे. आपला क्रूस उचला हे येशूने म्हटलं ते त्याच्या मागे चालण्याबद्दल, घरातल्या माराबद्दल नाही. तोच येशू नासरेथात लोक कड्यावरून ढकलायला आले तेव्हा त्यांच्यातून निघून गेला, आणि अधिकाऱ्याने थोबाडीत मारली तेव्हा त्याने विचारलं की मला का मारतोस. तुमच्या आणि मुलांच्या पापाची किंमत तुमच्या शरीराने भरायची नाहीये, ती भरून झाली आहे. क्षमा करणं म्हणजे त्याच घरात मार खात राहणं नव्हे. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीचं असेल तर ११२, फोन करा. आणि मंडळीच्या वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की हे वाक्य कुठल्याही बाईला पुन्हा सांगू नका.

१८. सगळं मान्य आहे, बाप्तिस्मा पण झालाय, पण माफी मिळाल्यासारखं आतून वाटतच नाही.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला, पण त्यांनीच लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म आधी मिळाला आणि ख्रिस्त नंतर, मधे बरीच वर्षं गेली. एवढ्या विद्वान बाईला वेळ लागला तर आपल्याला लागू दे की. माफी आपल्या वाटण्यावर उभी नाही, त्याच्या करण्यावर आहे. १ योहान ३:२० म्हणतं आपलं मन आपल्याला दोष देत असलं तरी देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे. एकट्याने कुढू नका, कॅथलिक असाल तर पापनिवेदनाला जा, नसाल तर विश्वासाच्या माणसापाशी बोला. आणि कुणाचं देणं किंवा कुणाची माफी मागणं राहिलंय का तेही बघा, प्रश्न १२. झोप, भूक सगळंच गेलं असेल तर मात्र डॉक्टरलाही दाखवा, तो विश्वासाचा कमीपणा नाही.

१९. आमची आजी येशूचं नाव न ऐकता गेली. आणि जी बाळं बाप्तिस्म्याआधी जातात त्यांचं काय?

यावर ख्रिस्ती लोकांत एकमत नाही. काही म्हणतात उघड विश्वासाशिवाय तारण नाही. कॅथलिक चर्चने १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत सांगितलं की ज्यांना स्वतःचा दोष नसताना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात आणि विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. बाळांना तर येशूने स्वतः जवळ बोलावून घेतलं. मी अब्राहामाच्या प्रश्नाला धरून राहतो, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? तुमच्या आजीला ओळखणारा न्यायाधीश तोच आहे जो तिच्यासाठीही मेला. कुणाच्या मयतीला जाऊन "तो नरकात गेला" म्हणणाऱ्याला हा अधिकार कुणी दिला ते मला कळत नाही.

२०. मी ख्रिस्ती नाही, पण गुड फ्रायडेच्या उपासनेला येऊन बसू का?

या की. बऱ्याच ठिकाणी दुपारी बारा ते तीन अशी उपासना असते, येशूने वधस्तंभावर उच्चारलेल्या सात उद्गारांवर मनन होतं, गाणी होतात. एप्रिलचं सोलापूरचं ऊन असतं तेव्हा पाण्याची बाटली आणा. मागे बसा, पुढे बसा, कुणी नाव-गाव लिहून घेणार नाही, बाप्तिस्मा घ्या म्हणून मागे लागणार नाही, लागलं कुणी तर पाळकांना सांगा. दुसऱ्या एखाद्या दिवशी आलात आणि प्रभुभोजन किंवा ख्रिस्तप्रसाद असेल तर तो साधारणपणे बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो, तेव्हा जागेवर बसून राहिलात तरी काही वाटून घेऊ नका. दान द्यायलाच पाहिजे असंही नाही. वहीतली गाणी मराठीतच असतात आणि बऱ्याचशा चाली भजनाच्या असतात, त्यामुळे दुसऱ्या कडव्यापर्यंत तुम्हीही म्हणायला लागाल.